मतपेटीच्या आधीची निवडणूक

महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या शहरात, जिन्याखालच्या अरुंद बोळात, विजेच्या मीटरांशेजारी टांगलेल्या काचेच्या फलकावर, पाणीकपातीची सूचना आणि गणपतीच्या वर्गणीचा हिशेब यांच्या मधोमध, दर पाच वर्षांनी एक टंकलिखित कागद लागतो. आणि तो लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारात विरजण मागायला जाणारी माणसे एकमेकांशी लेखी बोलू लागतात. त्या कागदाचे नाव ‘प्रारूप मतदार यादी’. तिच्यावर हरकती येतात, हरकतींवर खुलासे येतात, खुलाशांच्या प्रती उपनिबंधकांच्या कार्यालयात पोहोचतात, आणि प्रत्येक प्रतीवर आवक-शिक्का आठवणीने मारून घेतला जातो. ज्या पदांसाठी हा सारा खटाटोप चालतो त्यांना वेतन नाही, प्रतिष्ठाही बेताचीच. शाश्वती असते ती एवढीच की, रात्री अकरा वाजता टाकीचे पाणी संपले तर दार आपलेच ठोठावले जाईल. साहजिकच बाहेरचा मनुष्य या भांडणांकडे करमणूक म्हणून पाहतो आणि आतला मनुष्य ती मनस्ताप म्हणून भोगतो. दोघांच्याही नजरेतून निसटते ते हे की, सोसायटीच्या निवडणुकीतला वाद कोणाला किती मते पडली याविषयी क्वचितच असतो. बॅलट पेपर मोजायला चार माणसे आणि अर्धा तास पुरतो. खरा वाद असतो तो मतदार कोण याविषयी, आणि तो मतपेटीला कुलूप लागण्याच्या कितीतरी आधी, कधीकधी कित्येक वर्षे आधी, संस्थेच्या कपाटातल्या एका नोंदवहीत निकालात निघालेला असतो.

आधी माणसे, मग इमारत

हिंदुस्थानातला १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही दार उघडून दिले, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१५ मध्ये, मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. तिचे प्रवर्तक रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्याआधीच, १९०६ मध्ये, शामराव विठ्ठल यांच्या नावाने पतसंस्था काढून सहकाराचा अनुभव गाठीला बांधून बसलेले होते. ताडदेवची तालमकीवाडी आजही त्यांचे नाव चालवते. या आरंभीच्या संस्थांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. तेथे माणसे आधी एकत्र आली आणि इमारत मागाहून उभी राहिली. ज्ञातीने, गावाने किंवा कचेरीने एकमेकांशी बांधलेली ती कुटुंबे परस्परांना इतकी ओळखत होती की सभासद कोण, असा प्रश्न विचारण्याचे प्रयोजनच नव्हते. निवडणूक बहुधा बिनविरोध होई, आणि ‘बिनविरोध’ याचा अर्थ वडीलधाऱ्यांनी आधीच्या आठवड्यात चहाच्या पेल्याबरोबर जे ठरवले असेल ते, असा असे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आला, आणि पाठोपाठ १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम आला, ज्याला वकील आणि दलाल दोघेही ‘मोफा’ म्हणतात. या दुसऱ्या कायद्याने जी व्यवस्था रूढ केली तिच्यात क्रम उलटला. बांधकाम व्यावसायिकाने इमारत बांधायची, सदनिका एकेक करून विकायच्या, आणि पुरेसे खरेदीदार जमले की त्यांची सहकारी संस्था नोंदवायची. इमारत आधी आणि माणसे मागाहून. एकाच जिन्याने चढणाऱ्या चाळीस कुटुंबांमध्ये समान असा दुवा उरला तो एकाच विकासकाकडून घर घेतल्याचा, आणि पुष्कळदा एकाच विकासकाविरुद्ध तक्रार असल्याचा. ज्यांना परस्परांचा पूर्वपरिचय नाही अशांना समान अधिकार वाटून द्यावयाचे तर परिचयाची जागा कागदाने घ्यावी लागते. आणि तो कागद नीट ठेवण्याची सवय मात्र जुन्या परिचयाच्या काळातलीच राहिली. सोसायटीच्या निवडणूक-वादांचे मूळ मला या उलटापालटीत दिसते.

एकाच दाराआडची मते

सहकाराचे मूलतत्त्व इंग्लंडमधील रॉशडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये काढलेल्या भांडारापासून चालत आले आहे: भांडवल कितीही असो, मत एकच. १९६० च्या अधिनियमाच्या कलम २७ ने हेच तत्त्व स्वीकारले, आणि त्याला जोडून एक कडक अट घातली की मत सभासदाने स्वतः द्यावे, प्रतिनिधीमार्फत नव्हे. वाचायला हे दोन ओळींचे काम आहे; परंतु या दोन ओळींनी सर्वसाधारण सभांमध्ये जेवढा घसा कोरडा केला आहे तेवढा वाहनतळाच्या प्रश्नानेही केला नसेल.

पहिला प्रश्न ज्याच्याकडे एकाहून अधिक घरे आहेत त्याचा. तीन सदनिकांचा मेंटेनन्स दरमहा मुकाट्याने भरणाऱ्या गृहस्थाला निवडणुकीच्या दिवशी एकच बॅलट पेपर मिळतो, आणि तो ज्या शेजाऱ्याच्या रांगेत उभा असतो त्याचे घर एका खोलीचे असले तरी मत तेवढ्याच वजनाचे असते. ‘पैसे तिप्पट घेता, मग मत एकच का?’ हा सवाल व्यवहारदृष्ट्या अगदीच बिनबुडाचा नाही. पण कायद्याचे उत्तर असे की सभासद तो मनुष्य आहे, सदनिका नव्हे. यावर तोडगा म्हणून एक घर पत्नीच्या आणि एक मुलाच्या नावे करून तीन सभासद उभे करण्याची युक्ती जुनी आहे, आणि ती रीतसर झालेली असेल तर तिला हरकत घेता येत नाही. निवडणुकीच्या तोंडावर हस्तांतरणाचे अर्ज अचानक का वाढतात, आणि मावळती समिती त्यांतले काही तातडीने मंजूर करून काही ‘कागदपत्रे अपूर्ण’ म्हणून का ठेवून देते, याचा उलगडा येथे होतो.

दुसरा प्रश्न संयुक्त नावांचा. पती आणि पत्नी दोघांच्या नावे घर असले तर भागपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, ज्याचे नाव पहिले तो हजर असल्यास मत त्याचे. तो गैरहजर असल्यास दुसऱ्याचे. आणि याच क्रमाने पुढे. नावांचा हा क्रम खरेदीच्या वेळी कोणी राजकीय विचार करून लावलेला नसतो. गृहकर्ज कोणाच्या पगारावर मिळाले, प्राप्तिकराची सवलत कोणाला घ्यायची होती, किंवा नोंदणीच्या दिवशी कोणाला रजा मिळाली, अशा क्षुल्लक कारणांनी तो ठरलेला असतो. आणि दहा वर्षांनी तोच क्रम एखाद्याचे मत नाकारतो. पतिराज वर्षानुवर्षे सभा गाजवतात, ठरावांना सूचक-अनुमोदक होतात, लिफ्टच्या दुरुस्तीसाठी तीन तीन निविदा मागवतात, आणि छाननीच्या दिवशी निष्पन्न होते की दप्तरात पहिले नाव पत्नीचे आहे, आणि त्या आज सभागृहात हजर आहेत.

तिसरा प्रश्न सभासदांच्या पोटभेदांचा. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी अधिनियमात प्रकरण तेरा-ब स्वतंत्रपणे घालण्यात आले, तेव्हा सहयोगी सभासद कोणाला होता येईल याची मर्यादा आखण्यात आली: पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतण्या, भाची अशा नात्यांपुरतीच. मूळ सभासदाच्या लेखी पूर्वसंमतीने त्याला मत देता येते. या नात्यांच्या मर्यादेला कारण होते. कोणालाही नाममात्र शुल्क भरून सहयोगी करून घ्यायचे आणि त्याच्यामार्फत समितीत शिरायचे, हा मार्ग पूर्वी मोकळा होता. त्याच प्रकरणाने तात्पुरता सभासद असाही एक वर्ग ओळखला: सभासदाच्या मृत्यूनंतर, वारसांचा निर्णय होईपर्यंत, नामनिर्देशनाच्या आधारे दप्तरात येणारा. मृत्यू, वारसाहक्क आणि भावंडांतली तेढ ही ज्या घरात आधीच वसतीला आली आहेत, त्या घराच्या मताचा प्रश्न समितीपुढे आला म्हणजे तेथे बसलेले निवृत्त अभियंते आणि शाळामास्तर यांना नकळत दिवाणी न्यायाधीशाचे काम करावे लागते.

आणि चौथा प्रश्न परदेशी गेलेल्यांचा. कॅलिफोर्नियात किंवा मेलबर्नला स्थायिक झालेल्या मालकाने धाकट्या भावाला दिलेले मुखत्यारपत्र घराची विक्री करायला पुरते, भाडेकरू ठेवायला पुरते, बँकेत सही करायलाही पुरते. पण समितीच्या निवडणुकीत मत द्यायला ते पुरत नाही. कायद्याला तेथे देह हवा आहे. चौथ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या, गुडघ्याने जखडलेल्या आजींनाही हाच नियम लागू आहे, आणि ही या नियमाची खरी किंमत आहे. ती कशासाठी मोजायची, याचा विचार पुढे येईल.

थकबाकी, बंधपत्र आणि तिसरे मूल

मतदाराची यादी पक्की झाली की उमेदवाराची पाळी येते. संस्थेची देणी मागणी होऊनही तीन महिन्यांत न भरणारा तो थकबाकीदार, आणि थकबाकीदाराला समितीवर बसता येत नाही. नियम योग्यच आहे. जो स्वतः वर्गणी देत नाही त्याने इतरांच्या वर्गणीचा विनियोग ठरवू नये. परंतु थकबाकी किती हे ठरवणारे बिल समिती काढते, आणि ती समिती पुष्कळदा स्वतःच निवडणुकीला उभी असते. एखाद्याने गळतीची दुरुस्ती होईपर्यंत दुरुस्ती निधी देणार नाही असे कळवून पैसे रोखले असतील, किंवा घर भाड्याने दिल्याबद्दलचे ना-वहिवाट शुल्क त्याला जास्त वाटत असेल, तर त्याची तक्रार आणि त्याची अपात्रता एकाच आकड्यातून जन्म घेतात. मुरलेले सभासद म्हणून निषेध नोंदवून पैसे भरतात, पावतीवर तसे लिहून घेतात, आणि मगच अर्ज दाखल करतात.

एके काळी याहून मोठा खड्डा ‘एम-२०’ या बंधपत्राचा होता. निवडून आलेल्या प्रत्येक समिती सदस्याने पदभार घेतल्यापासून १५ दिवसांच्या आत हे बंधपत्र करून द्यावयाचे. समितीच्या कृत्यांनी आणि चुकांनी संस्थेची हानी झाल्यास आपण जबाबदार राहू, असा त्याचा आशय. ते मुदतीत दिले नाही तर सदस्यत्व संपुष्टात. परिणामी हरलेला गट निकालाच्या दिवशी अभिनंदन करून घरी जाई, सोळाव्या दिवशी बंधपत्रांच्या प्रती मागे, आणि त्या नसल्या की अवघी समिती घरी पाठवण्यासाठी निबंधकाकडे धाव घेई. मतदारांच्या विश्वासाने मिळालेले पद मुद्रांकाच्या कागदाअभावी जावे, हे पाहणाऱ्याला हास्यास्पद वाटले तरी बंधपत्राचा हेतू प्रामाणिक होता: बिनपगारी अधिकारालाही उत्तरदायित्वाची साखळी असावी.

अपात्रतेचे आणखी एक कारण पुष्कळांना प्रत्यक्ष वाद होईपर्यंत ठाऊकच नसते. दोनांहून अधिक अपत्ये असण्याची अपात्रता, जी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीमुळे सर्वांना परिचित आहे, ती सहकारी संस्थांच्या समित्यांनाही लागू आहे. मुंबईतल्या एका सोसायटीच्या प्रकरणात २०२४ मध्ये उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. शेजाऱ्याला मुले किती हे सोसायटीत सर्वांना माहीत असते. ते शपथेवर लिहून निबंधकाला कळवणारा शेजारी मात्र निवडणुकीनेच निर्माण होतो.

कारखान्याच्या मापाचा अंगरखा

महाराष्ट्राचे सहकारी राजकारण साखर कारखान्यांनी आणि जिल्हा बँकांनी घडवले. पॅनेल उभे करणे, चिन्ह मागणे, माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मनधरणी करणे, ही सारी परिभाषा तेथूनच शहरातल्या सोसायट्यांत आली. परिभाषेपाठोपाठ कायदाही आला. घटनेची ९७ वी दुरुस्ती १५ फेब्रुवारी २०१२ पासून अमलात आली. तिने सहकारी संस्था स्थापण्याचा अधिकार मूलभूत हक्कांत घातला, समितीची मुदत पाच वर्षे ठरवली, सदस्यांची कमाल संख्या २१ केली, आणि निवडणुका स्वतंत्र प्राधिकरणाकडे सोपवण्याचा निर्देश दिला. राज्यांना आपले कायदे जुळवून घेण्यास एक वर्ष दिले होते. ते वर्ष संपता संपता, १४ फेब्रुवारी २०१३ रोजी, महाराष्ट्राने वटहुकूम काढला. पुढे राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आले, आणि २०१४ मध्ये समिती निवडणुकीचे नियम आले.

हेतू निर्दोष होता. मावळत्या संचालक मंडळाने आपल्याच निवडणुकीचे पंच व्हावे ही रीत मोडायची होती. पण हजारो ऊस उत्पादक सभासदांच्या कारखान्यासाठी बेतलेला तो अंगरखा दादरच्या किंवा डोंबिवलीच्या पंधरा बिऱ्हाडांच्या इमारतीच्या अंगावर चढवण्यात आला. राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांची संख्या लाखाच्या वर आहे. एवढ्या संस्थांना निवडणूक निर्णय अधिकारी पुरवायचे कोठून? २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे शंभरपर्यंत सभासद असलेल्या संस्थेची समिती अकरा जणांची, आणि त्यात महिलांसाठी व मागास प्रवर्गांसाठी राखीव जागा. पंधरा घरांच्या इमारतीत अकरा जागा भरायच्या म्हणजे निवडून यायला कोणी तयार होईल का, हाच प्रश्न. तेथेही प्रारूप यादी, हरकती, अंतिम यादी, छाननी, माघार हा सारा विधी यथासांग करावा लागे. मुदत संपलेल्या समित्या तशाच चालू राहिल्या, काही ठिकाणी निबंधकांनी प्रशासक अथवा प्राधिकृत अधिकारी नेमले, आणि आपल्या घराचा कारभार न पाहिलेल्या माणसाच्या सहीने चालतो आहे असे दृश्य सभासदांना पाहावे लागले.

२०१९ च्या दुरुस्तीने हा अंगरखा थोडा आखूड केला. २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मुभा मिळाली. त्याहून मोठ्या संस्था प्राधिकरणाकडेच राहिल्या. पाठोपाठ महामारी आली आणि निवडणुका पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी, निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती न घेतल्यामुळे, घटनादुरुस्तीतला सहकारी संस्थांविषयीचा भाग बहुराज्यीय संस्थांपुरता वगळून निष्प्रभ ठरवला. म्हणजे सोसायट्यांना निवडणुकीतली शिस्त शिकवण्यासाठी आणलेली दुरुस्ती स्वतःच मतदानाच्या विहित रीतीत नापास झाली. राज्याचा स्वतःचा कायदा मात्र उभा राहिला, आणि जुना प्रश्न लहान संस्थांत नव्याने परतला: निवडणूक घेणारा अधिकारी मावळत्या समितीनेच नेमायचा, तर तो कोणाचा?

मत माणसाचे की चौरस फुटांचे?

पुण्यात एकाच गल्लीत समोरासमोर दोन इमारती असतात. बाहेरून सारख्या, रंगही एकाच ठेकेदाराने दिलेला, पण एकीत सोसायटी आहे आणि दुसरीत अपार्टमेंट, आणि दोघींत मत निराळ्या पद्धतीने मोजले जाते. दुसरी इमारत चालते ती महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली. हा कायदा सहकाराच्या कुळातला नव्हे. कॉन्डोमिनियमची कल्पना अमेरिकेच्या मुलखात पोर्तो रिकोच्या १९५८ च्या कायद्यातून रुजली, १९६१ च्या संघीय गृहनिर्माण कायद्याने तिला कर्जहमीचे पाठबळ दिले, आणि तिकडच्या नमुना कायद्याची छाया आपल्या अधिनियमावर स्पष्ट दिसते. येथे मालक सदनिकेचा स्वतंत्र स्वामी असतो, आणि जमीन, जिना, गच्ची यांत त्याचा अविभक्त हिस्सा टक्केवारीने ठरलेला असतो. ही टक्केवारी डिक्लरेशनमध्ये, म्हणजे नोंदणीकृत घोषणापत्रात, लिहिलेली असते. कायद्याच्या शब्दांत ती मूल्यावर आधारलेली, व्यवहारात बहुधा क्षेत्रफळावर. आणि सर्व मालकांच्या संमतीवाचून ती बदलत नाही. मतही त्याच टक्क्यांचे.

समजा, एका इमारतीत प्रत्येकी ३ टक्क्यांच्या २० सदनिका आहेत आणि तळमजल्यावर प्रत्येकी १० टक्क्यांची ४ दुकाने. सोसायटीच्या कायद्याने तेथे २४ मते आणि १३ चे बहुमत. अपार्टमेंटच्या कायद्याने चार दुकानदार अधिक चार घरमालक मिळून ५२ टक्के होतात. आठ जण सोळा जणांवर मात करतात. दुकानांचे मालक येथे राहतही नसतील. त्यांना ग्राहकांच्या गाड्यांसाठी अंगण हवे असते आणि वरच्यांना मुलांच्या खेळण्यासाठी. न विकलेल्या सदनिका विकासकाच्याच नावावर असतील तर त्यांची टक्केवारीही त्याच्याच हाती, आणि मग ज्याच्याविरुद्ध गळतीची तक्रार करायची त्याच्याच मतांनी मंडळ निवडले जाते.

या पद्धतीत एक सूक्ष्म अडचण आणखी आहे, जी प्रत्यक्ष मोजायला बसल्यावरच कळते. टक्क्यांनी मत मोजायचे तर बॅलट पेपरवर टक्केवारी लिहावी लागते. आणि प्रत्येक घराची टक्केवारी वेगळी असेल, तर ती वाचणाऱ्याला मतदाराचे नावही वाचता येते. मोठ्या गच्चीचे घर इमारतीत एकच असते. वजनदार मत आणि गुप्त मत, दोन्ही एका वेळी साधणे कठीण. याउलट मालमत्तेच्या बाजूने युक्तिवाद असा की, रंगकामाचा खर्च टक्केवारीने भरणाऱ्याने निर्णयही टक्केवारीने का घेऊ नये? त्याला निखळ असत्य म्हणता येणार नाही. कंपनीच्या भागधारकांत हाच न्याय चालतो. फरक एवढा की कंपनीचा भागधारक नाराज झाला तर भाग विकून मोकळा होतो. घर विकून मोकळे होणे मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यात एकदा-दोनदाच शक्य असते. ज्या सत्तेच्या कक्षेतून सहज बाहेर पडता येत नाही तिच्यात मस्तकांची गणना व्हावी, मालमत्तेची नव्हे, हा राज्यव्यवस्थेतला जुना निष्कर्ष मला इमारतीच्या आवारातही ग्राह्य वाटतो.

टपालाने आलेली मते

आता त्या आजींच्या गुडघ्याकडे परत येऊ. मत स्वतःच द्यावे, हा नियम कठोर आहे. अमेरिकेतल्या कॉन्डोमिनियममध्ये टपालाने किंवा प्रतिनिधीमार्फत मत देण्याची सोय सामान्यतः असते. तिचा दुरुपयोग किती दूर जाऊ शकतो हे नेवाडा राज्यातल्या लास व्हेगासने दाखवले. २००३ ते २००९ या काळात तेथे एका बांधकाम कंपनीचा मालक, लिऑन बेंझर, याच्या सूत्रचालनाखाली अनेक गृहसंकुलांची मंडळे ताब्यात घेण्यात आली. पद्धत अशी: बनावट खरेदीदार उभे करून सदनिका घ्यायच्या, त्यांतला नाममात्र हिस्सा आपल्या माणसांच्या नावे करून त्यांना उमेदवारीस पात्र करायचे, मग परगावी राहणाऱ्या मालकांच्या नावाने खोटे बॅलट पेपर भरायचे, आणि ते खरे वाटावेत म्हणून कॅलिफोर्नियात नेऊन तिथल्या निरनिराळ्या ठिकाणांहून टपालात टाकायचे. निवडून आलेले मंडळ बांधकामातील दोषांवरून दावे लावी, आणि त्यांचे वकिली व दुरुस्तीचे काम याच साखळीकडे जाई. खटल्यांत चाळीसच्या आसपास लोक दोषी ठरले. बेंझरला २०१५ मध्ये १५ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली.

तेथे मतदान केंद्रावर दंगा झाला नाही, मोजणीत चूक झाली नाही. डाव साधला तो पात्रतेच्या यादीत आणि मतदाराच्या ओळखीत. आपल्या कायद्याने देह हवा असा आग्रह धरला त्यामागचे शहाणपण येथे दिसते: जो समोर उभा आहे त्याला चौकीदारही ओळखतो. परंतु या शहाणपणाने आजींचे मत जाते, हेही तितकेच खरे. मतदान तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत घेणे, रविवारी दिवसभर पेटी खुली ठेवणे, दोन्ही गटांच्या प्रतिनिधींसह पेटी आजारी सभासदाच्या दारापर्यंत नेता येईल अशी स्पष्ट तरतूद नियमांतच करून घेणे, असे माणुसकीचे मार्ग मुखत्यारपत्राहून अधिक सुरक्षित ठरतील.

एवढे भांडण कशासाठी?

पदांना वेतन नाही हे वर म्हटले. पण सत्ता नाही असे म्हटले नाही. मुंबईत जुनी इमारत म्हणजे तिच्याखालची जमीन, आणि जमीन म्हणजे पुनर्विकास. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासासाठी एकूण सभासदांपैकी ५१ टक्के संमती पुरेशी ठरवली. विकासक निवडण्याच्या सभेला निबंधकाचा प्रतिनिधी हजर असावा, सभेचे चित्रीकरण व्हावे, अशी बंधनेही घातली आहेत. पण वास्तुविशारद कोण, निविदा कोणत्या अटींवर मागवायच्या, सभा केव्हा बोलवायची, हे ठरवणारी पहिली बैठक समितीचीच असते. पाच वर्षांपूर्वी जिन्याच्या दिव्यांची काळजी वाहणारी समिती एकाएकी कोट्यवधींच्या कराराची विश्वस्त बनते. आणि ५१ टक्के कोणाचे, हे सांगणारा कागद पुन्हा तोच: सभासदांची यादी.

निवडणुकीविरुद्ध दाद अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात मागता येते. निवडणूक सुरू झाल्यावर न्यायालये तिच्यात सहसा हात घालत नाहीत. महाराष्ट्रातल्याच एका दूध उत्पादक संस्थेच्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मतदार यादी तयार करणे हा निवडणूक प्रक्रियेचाच टप्पा आहे, आणि तिच्यातल्या दोषासाठी प्रक्रिया थांबवण्याऐवजी निकालानंतर निवडणूक अर्ज करावा. हे तत्त्व समंजस आहे, नाहीतर एकही निवडणूक पार पडणार नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की आज वगळलेले नाव पुष्कळ उशिरा, समितीची मुदत बव्हंशी सरल्यावर, बरोबर होते असे ठरण्याची पाळी येते. तोवर समितीने केलेले करार कलम ७७ च्या आश्रयाने बहुधा टिकतात, कारण सद्भावनेने केलेले कृत्य निवडीतल्या मागाहून उघडकीला आलेल्या दोषापायी रद्द होत नाही. कायद्याने स्थैर्य आणि न्याय यांच्यात स्थैर्याच्या बाजूला झुकते माप दिले आहे, आणि इमारतीला रोज पाणी लागते हे पाहता त्याला दोष देता येत नाही. मात्र न्याय उशिरा मिळणार हे एकदा ठरलेच आहे, तर चूक आधीच टाळण्याला दुप्पट मोल येते.

नोंदवहीचे राज्य

सोसायटीच्या दप्तरात नमुना ‘आय’ ही सभासदांची नोंदवही आणि नमुना ‘जे’ ही सभासदांची यादी ठेवणे बंधनकारक आहे. कोण सभासद झाला, केव्हा झाला, कोणाबरोबर संयुक्तपणे, कोणी नामनिर्देशन केले, कोणाचे निधन झाले, हे त्यांत त्या त्या वेळी उतरले पाहिजे. अनेक ठिकाणी या वह्या निवडणूक जाहीर झाल्यावर एका बैठकीत, एकाच शाईने, मागच्या पंधरा वर्षांच्या तारखा घालून पूर्ण केल्या जातात, आणि मग ज्याचे नाव राहिले तो ते मुद्दाम राहिले असे समजतो. त्याला तसे समजण्याचा अधिकार आहे. कारण निष्काळजीपणा आणि कपट यांचा कागदावरचा चेहरा एकसारखाच दिसतो.

म्हणून सुधारणेची माझी अपेक्षा नव्या कलमांकडून फारशी नाही. कायद्याने यादी, मुदत, हरकत आणि दाद या चारही गोष्टी दिलेल्या आहेत. उणीव आहे ती वेळेची. दरवर्षीच्या सर्वसाधारण सभेच्या सूचनेबरोबर, चौदा दिवस आधी, हिशेबपत्रकाला जोडून सभासदांची अद्ययावत यादी द्यावी. ज्या वर्षी निवडणूक नाही त्या वर्षी नावांवरची हरकत कोणाच्याही जय-पराजयाशी बांधलेली नसते, आणि म्हणून ती शांतपणे ऐकली जाते. संयुक्त नावांचा क्रम, सहयोगी सभासदाची संमती, वारसांची नोंद, वादग्रस्त बिलांचा निकाल, हे सारे त्या मधल्या वर्षांत उरकावे. भाषणांनी आणि पॅनेलांनी लोकशाही जिवंत राहते हे खरे. पण लहान जागेत ती टिकते ती कंटाळवाण्या नोंदींनी. विजयी गटाला निकाल पुरतो. पराभूताला मात्र आपण का हरलो हे वही उघडून दाखवता आले पाहिजे, आणि ती वही दाखवण्याजोगी ठेवणे हे समितीचे पहिल्या वर्षाचे काम आहे, पाचव्या वर्षाचे नव्हे.